माफ केलेला दंड कोणाच्या पाण्यातून गेला? पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व संचालक,
तसेच हेड (पाटाच्या तोंडाकडचा भाग), मधला भाग आणि टेल (पाटाचा शेवट) इथले सर्व सभासद

विषय : वार्षिक सभेत मंजूर झालेले तीन ठराव मागे घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सभेत तीन ठराव हात वर करून मंजूर झाले. डोंगळ्यांचा, म्हणजे पाटातून चोरून पाणी ओढणाऱ्या पाइपांचा, आजवरचा दंड माफ. घनमापनाची, म्हणजे घनमीटरमध्ये मोजलेल्या पाण्याची, नोंद बंद, यापुढे पाणीपट्टी सरसकट एकरी. आणि चारीची सफाई सभासदांनी न करता जेसीबीने, खर्च सगळ्यांवर सारखा. सभा पाऊण तासात आटोपली, चहा झाला, मंडळी घरी गेली.

आमची जमीन लघुवितरिकेच्या, म्हणजे चारीच्या, शेवटच्या सहा मोऱ्यांवर (शेतात पाणी काढायच्या दारांवर) आहे. पाणीपट्टी चुकती आहे, सफाईच्या वहीत हजेरी आहे आणि उन्हाळ कांद्याचं शेवटचं पाणी मिळेल की नाही याचा भरवसा नाही. आमचा संबंध एवढाच. पत्र संस्थेच्या दप्तरात न देता उघड लिहितो आहोत, कारण नाशिक जिल्ह्यात अशा संस्था पुष्कळ आहेत आणि त्या बुडतात त्या बहुतेक याच तीन ठरावांनी, फक्त क्रम मागेपुढे होतो.

आधी दंडाचं. डोंगळा म्हणजे काय हे चारीवरच्या माणसाला सांगायला नको, पण शहरातल्या वाचकासाठी : पाटाच्या भरावावरून टाकलेला पाइप. एक तोंड पाण्यात, दुसरं बांधापलीकडे खालच्या अंगाला. एकदा पाण्याने भरून दिला की मोटर नको, वीज नको, रात्रभर आपोआप ओढतो. तीन इंची, दहा मीटर लांबीचा पाइप आणि दोन्हीकडच्या पातळीत अर्धा मीटर फरक, एवढ्यावर सेकंदाला सहा-सात लिटर पाणी जातं. दहा तासांच्या रात्रीत २१६ ते २५२ घनमीटर. एक एकराला दहा सेंटिमीटरची एक पाळी द्यायला सुमारे ४०५ घनमीटर लागतात, म्हणजे एका रात्रीत अर्ध्या एकराहून जास्त रान भिजलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. असे चार डोंगळे लागले की एक क्युसेकची चारी जवळपास संपली. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने गेट पूर्ण उघडलं तरी खाली ओल पोचत नाही.

आता आपला दंड बघा : पकडल्यास पाचशे रुपये. रात्रीचं ते पाणी दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर एकवीस ते पंचवीस टँकर होतात. टँकरमागे दंड पंचवीस रुपयांच्या आत. चार रात्रींत एकदाच पकडलं गेलं, तर सहा रुपये. याला दंड म्हणायचं की सवलतीचा दर? इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांवर दहा शेकेलचा दंड बसवला गेला. त्याचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. उशीर कमी व्हायचा तो जवळपास दुप्पट झाला, कारण आधी पालकांना बाईंसमोर ओशाळं वाटायचं आणि आता पैसे टाकले की हिशेब मिटायचा. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर खाली आला नाही. आपल्याकडे पाचशे रुपयांनी नेमकं हेच केलं होतं. त्यावर उपाय दंड नीट बसवण्याचा होता. तुम्ही तेवढाही माफ केलात.

डोंगळ्याहून मोठी गळती मात्र दिवसाढवळ्या होते, आणि तिचं नाव सभेत कोणी काढलं नाही : शेततळी. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, एकास एक उताराचं तळं म्हणजे २,१९६ घनमीटर. एक क्युसेक पाणी साडेएकवीस तास दुसरीकडे कुठेही न जाता त्यात सोडलं तर ते भरतं. छाटणीनंतर द्राक्षाला ठिबकने मोजून पाणी द्यायला तळं हवंच, त्याबद्दल वाद नाही. वाद हा आहे की ज्याच्या नावावर एकरी पट्टी आहे तो स्वतःची पाळीही घेतो आणि तळंही भरतो, आणि नव्या ठरावाप्रमाणे दोन्हींची पट्टी एकच. जलसंपदा खातं आपल्या संस्थेला पाणी घनमापनाने विकतं. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याचा पायाच तो आहे. खात्याला घनमीटरने मोजून द्यायचं आणि सभासदाकडून एकराने घ्यायचं, तर मधली तूट कोण भरणार? ज्याने कमी घेतलं तो. गणित असंच निघतं, त्यात कोणाचा हेतू शोधायची गरज नाही.

सभेत एक वाक्य दोनतीनदा ऐकू आलं : "जाऊ द्या, आपलीच माणसं आहेत, गावात कटुता नको." या वाक्याला आमचं उत्तर थोडं लांब आहे.

फुकट्यांमुळे संस्था बुडते असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं. फुकटे नेहमी थोडेच असतात. संस्था बुडते ती प्रामाणिक माणूस हात आखडता घेतो तेव्हा. एर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग चारीवर बसूनही करून बघता येईल. चार जण, प्रत्येकाकडे वीस नाणी. हवी तेवढी मधल्या डब्यात टाकायची. डब्यातली रक्कम १.६ पट करून चौघांत सारखी वाटायची. चौघांनी वीस-वीस टाकली तर ऐंशीचे १२८ होतात, प्रत्येकाला बत्तीस. एकाने काहीच टाकलं नाही तर साठाचे ९६, वाट्याला चोवीस. न टाकणाऱ्याकडे त्याची वीस धरून चव्वेचाळीस, टाकणाऱ्यांकडे चोवीस. दहा फेऱ्या खेळल्या तर सुरुवातीला बरे पैसे पडतात आणि शेवटच्या फेरीपर्यंत डबा जवळपास रिकामा होतो. २००१ च्या पुढच्या प्रयोगात साधारण निम्मी माणसं "बाकीचे देतील तेवढं आम्ही देऊ" अशी निघाली आणि सुमारे तीस टक्के निव्वळ फुकटी. डबा रिकामा करतात ती ही निम्मी माणसं. लबाडीने नाही, समोरच्याकडे बघून.

२००० च्या त्या पहिल्या प्रयोगात दुसऱ्या खेपेला न टाकणाऱ्याला दंड करायची सोय दिली, तोही दंड करणाऱ्याने स्वतःची पदरमोड करून. पैसे पुन्हा पडू लागले आणि पडत राहिले. माफीच्या ठरावाने तुम्ही फुकट्यांना काही नवीन शिकवलं नाही, ते त्यांना आधीच येत होतं. शिकला तो मधल्या भागातला नियमित भरणारा सभासद. पुढच्या पाळीला पट्टी भरायच्या आधी तो शेजाऱ्याला विचारेल, तू भरलीस का? तिथून उतरण लागते.

कटुतेचं म्हणाल तर तीही अशीच वाढते. संस्था दंड करत नाही तेव्हा दंड थांबत नाही, तो रात्री बॅटरी आणि काठी घेऊन चारीवर जातो. जगातल्या सोळा शहरांत हाच खेळ खेळवला गेला, त्याचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. अथेन्स आणि मस्कतसारख्या काही ठिकाणी लोकांनी फुकट्यांबरोबर भरपूर देणाऱ्यांनाही दंड ठोकले. मागच्या अपमानाचा सूड, दुसरं काय. दंड एकेकाच्या हातात राहिला की असं होतं. म्हणून तो समितीच्या हातात हवा, वहीत लिहिलेला हवा, आणि कोण करतो याला महत्त्व उरू नये.

आपल्याच जिल्ह्यात याचा जुना दाखला आहे. बागलाण, कळवण भागात आणि पुढे धुळ्याकडे, मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. बंधाऱ्याखालचं रान तीन-चार फडांत वाटलेलं. एका फडात एका हंगामाला एकच पीक. शेतकऱ्याचे तुकडे शक्यतो प्रत्येक फडात. पाटकरी पाणी फिरवणार, जागल्या रान राखणार, हवालदार त्यांच्यावर, आणि सगळ्यांवर पंच. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे तूट सगळ्यांना सारखी बसते.

या व्यवस्थेचं कौतुक करताना लोक "पूर्वीची माणसं चांगली होती" असं म्हणून मोकळे होतात. आम्हाला ते पटत नाही. एका फडात एकच पीक असल्याने चोरी डोळ्याला दिसायची. ज्वारीच्या फडात एखाद्याचं रान दुसऱ्याच दिवशी जास्त भिजलेलं दिसलं की बांधावरून जाणारं पोरही सांगेल. डोळाच मोजमाप करायचा. आज आपल्या एका मोरीवर द्राक्ष, शेजारी टोमॅटो, पलीकडे कांदा, मध्ये ठिबक आणि तळं. कोणाला किती पाणी लागलं हे डोळ्याला कळूच शकत नाही. डोळ्याचं काम आता मापाच्या पट्टीने करायचं, म्हणून नोंदवही. ती बंद करणं म्हणजे जागल्याचे डोळे बांधणं.

माप बिनचूक नाही, असा आक्षेप सभेत आला. आक्षेप खरा आहे, पण चूक मापात नाही, वाचण्यात आहे. आमच्या बाजूच्या चारीवर नव्वद अंशाचा व्ही-नॉच आहे, म्हणजे पाणी मोजायचा व्ही आकाराच्या खाचेचा पत्रा. पाण्याची उंची वाचायची पट्टी नॉचच्या पत्र्यालाच ठोकली आहे, तिथे पाण्याची पातळी खाली वाकलेली असते, त्यामुळे आकडा कमी येतो. ती वरच्या अंगाला, पाण्याच्या उंचीच्या निदान चौपट अंतरावर हवी. वीस सेंटिमीटर उंचीसाठी ऐंशी सेंटिमीटर, सोयीसाठी एक मीटर धरा. नॉचच्या खाली पाणी मोकळं पडलं पाहिजे. पुढच्या गाळामुळे ते तुंबून पत्र्याच्या तळाला लागलं की आकडा फुगतो. वरच्या डबक्यातला गाळ काढला नाही तर पाणी वेगाने येतं आणि आकडा कमी येतो. या तीन गोष्टी सांभाळल्या तर नॉच फार बोलका आहे : वीस सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे पंचवीस लिटर, अठराला एकोणीस. गेट हललेलं नसताना पट्टी दोन सेंटिमीटर उतरली, तर वर कुठेतरी एक तीन इंची डोंगळा लागला असं समजून निघायला हरकत नाही.

कुठे, हेही सापडतं. हेडला, मध्ये आणि टेलच्या सुरुवातीला अशी तीन मापं. पाळीच्या पहिल्या दिवशी कोरडी चारी पाणी पिते, म्हणून तो दिवस सोडायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही तास सगळ्या मोऱ्या बंद ठेवून, तिन्ही भागांतली माणसं काठाने फिरवून, दोन मापांमधली घट लिहून ठेवायची. ती झाली त्या टप्प्याची नैसर्गिक गळती. पुढे त्या टप्प्यातली घट, मोऱ्यांना दिलेलं पाणी वजा करून, त्याहून वाढली की गस्त तेवढ्याच टप्प्यात घालायची. सगळी चारी रात्रभर तुडवत बसायला नको. हे न करता गस्त घातली की दोन रात्रींत माणसं कंटाळतात आणि "सापडत नाही हो" असा शेरा वहीत पडतो.

जेसीबीबद्दल थोडक्यात. त्याचं बकेट तळ सरळ ठेवत नाही. उकरलं जातं, डबकी होतात, उतार मोडतो, अस्तर असेल तिथे फुटतं, आणि पाणी टेलला पोचायच्या आधी डबक्यांत थांबतं. शिवाय सफाईच्या दिवशी अख्खी चारी पायाखालून जायची, कुठे मोरी फोडली आहे, कुठे पाइपासाठी भराव कोरला आहे ते शंभर डोळ्यांना दिसायचं. ती पाहणी फुकट होत होती. जुन्या पद्धतीत दोष एवढाच होता की प्रत्येक जण आपल्या बांधापुढचा तुकडा साफ करायचा. हेडवाल्याला खालचा गाळ निघाला काय, न निघाला काय, सारखंच.

याला तोड शेजपाळी, म्हणजे एकामागून एक ठरलेल्या क्रमाने द्यायचं पाणी, टेलकडून सुरू करण्यात आहे. ओझरच्या टेलच्या गावांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वाघाड धरणावर महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन संस्था उभ्या केल्या. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राचं ते काम. पुढे वाघाडवर अशा चोवीस संस्था झाल्या. सुरुवात ज्यांना पाणी मिळत नव्हतं त्यांच्यापासून झाली, हे लक्षात घ्या. टेलला आधी पाणी द्यायचं ठरलं की हेडवाला स्वतःच्या पाळीसाठी टेलचं उरकायची वाट बघतो. मग खालची चारी स्वच्छ असावी आणि मधे कोणी पाणी ओढू नये, यात त्याचाही स्वार्थ येतो. उपदेशाने जे होत नाही ते क्रम बदलल्याने होतं. (जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की आपण सगळेच हेडवाले होतो आणि समन्यायी वाटप हा शब्द कडू लागतो. त्या दिवसांत पैठणकडच्या माणसाला जे वाटतं ते आम्हाला दर पाळीला वाटतं.)

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच संस्थांच्या अभ्यासासाठी. नेपाळमधल्या पाटांची तुलना करताना सरकारी पक्क्या बांधकामापेक्षा शेतकऱ्यांनी सांभाळलेल्या दगडमातीच्या पाटांतून टेलला पाणी जास्त नीट पोचतं असं त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं. जिथे संस्था टिकल्या तिथे पहिला दंड लहान होता, पण चुकत नव्हता, आणि पुन्हा केलं की चढत जायचा. राखणदार सभासदांतलाच किंवा सभासदांना जबाबदार. भांडण मिटवायची जागा जवळ आणि स्वस्त. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचं पाणी न्यायालय आजही गुरुवारी दुपारी तिथल्या कॅथेड्रलच्या दारात भरतं. आठ पाटांचे शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी न्यायाला बसतात, सुनावणी तोंडी, निकाल तिथल्या तिथे. आपल्याकडे मागच्या हंगामातली तक्रार या हंगामातल्या सभेत निघते, तोवर कांदा चाळीत गेलेला असतो.

म्हणून आमच्या मागण्या, रब्बीच्या पहिल्या पाळीआधी :

१. विशेष सभा बोलवून दंडमाफीचा ठराव रद्द करा. ज्याला खरोखर अडचण आहे त्याला दोन हंगामांत हप्ते द्या. हप्त्याला आमची हरकत नाही, माफीला आहे.

२. घनमापनाची वही पुन्हा सुरू करा आणि तिची नक्कल फळ्यावर लावा. सभासदाचं नाव, मोरी क्रमांक, सुरू आणि बंद केल्याची वेळ, पट्टीचं सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं वाचन, एकूण घनमीटर. वाचन पाटकऱ्याने करावं आणि पुढची पाळी ज्याची आहे त्याने सही करावी. त्याच्याइतकं बारकाईने दुसरं कोणी बघणार नाही. शेततळं भरायचं तर तेही याच वहीत, स्वतःच्या कोट्यातून.

३. दंड पैशात न ठेवता पाण्यात ठेवा. डोंगळा सापडला तर पाइप कधी टाकला हे कोणी सांगत नाही, म्हणून वहीतल्या आदल्या गस्तीच्या नोंदीपासून सापडेपर्यंतचे सगळे तास धरा. पहिल्या वेळी तेवढं पाणी कोट्यातून वजा आणि नाव फळ्यावर. दुसऱ्या वेळी दुप्पट वजा. तिसऱ्या वेळी तिप्पट वजा, आणि मोरीला कुलूप घालून किल्ली पाटकऱ्याकडे, पाणी फक्त मोजून. उभी बाग वाळवायची नाही. तो दंड होत नाही, सूड होतो, आणि तसा नियम केला तर तो कोणी अंमलात आणत नाही.

४. तक्रारीसाठी हेड, मधला भाग आणि टेल यांतून एकेक अशी तिघांची समिती. संचालक मंडळात तिन्ही भागांना सारखी जागा द्यायला कायदाच सांगतो, तोच न्याय इथे. सुनावणी चारीवर, अठ्ठेचाळीस तासांत, पुढची पाळी सुटायच्या आत.

५. सफाईचे तुकडे चिठ्ठ्या टाकून वाटा, स्वतःच्या बांधापुढचा तुकडा कोणालाच नको. पाणी सुटायच्या चार दिवस आधी पाहणी. न येणाऱ्याकडून त्या दिवसाची चालू मजुरी, आणि ती त्याचा तुकडा करणाऱ्याला द्या, संस्थेच्या खात्यात नको. खात्यात गेली की पुढच्या वर्षी तीही माफ होईल.

६. पाळी टेलकडून.

आमच्या बाजूने : पहिल्या पाळीच्या रात्रगस्तीला टेलमधून रोज तीन माणसं येतील, पगाराशिवाय. नॉचची पट्टी एक मीटर मागे सरकवायचा खर्च आम्ही करतो. शेवटच्या सहा मोऱ्यांपैकी कोणाचा डोंगळा सापडला तर त्याला पहिल्याच वेळी दुसऱ्या वेळचा दंड लावा.

विशेष सभेची तारीख फळ्यावर लावावी.

आपले,
मोरी क्रमांक १३ ते १८ वरील सभासद